निळ्या सुताचं जाकीट

न्हाई, चहा नको सर, पाणीबी नको — आधी ते कम्प्युटर चालू करा. किती वाजले? दहा वाजून बारा? मग हाय की टाइम. अकराला येते ना ती? दर रविवारी अकराला तुम्ही दोघं त्या गेममधल्या भट्टीपाशी भेटता, मालूम हाय मला, मी सगळं वाचलंय — आता असं बघू नका माझ्याकडं. दारात सांगितलं की मी कोण ते, पण धाप लागली होती, तुम्हाला ऐकू आलं नसंल. मी पंचशीला सूर्यवंशी. लुंबिनीची आई. लातूरहून आले. हाव, तीच लुंबिनी, जिला तुम्ही 'कारागीर' म्हणून लिहिता. पोरगी काल दुपारपासून न्हाई, सर. क्लासच्या होस्टेलवरून पाठीला सॅक लावून निघाली, कुणाला काही बोलली न्हाई, फोन बंद. मी काल दुपारपासून त्या फोनला किती बार लावला असंल — बाई आपली तेच बोलते, स्विच ऑफ, स्विच ऑफ. तुमच्याकडं न्हाई आली ती? खरंच न्हाई? शपथ घ्या. — नको, राहू द्या, तुमच्या तोंडावरच दिसून राहिलं की तुम्हाला काही मालूम न्हाई. आणि त्याचंच मला जास्त भ्या वाटून राहिलं.

कारण कसं हाय, मी दुसऱ्याच माणसाला भेटायला आले होते. लोहार, एवढंच तुमचं नाव तिथं. 'लोहार म्हणाले भट्टी आधी तापव,' 'लोहार म्हणाले कातडं भिजवून घे' — मला वाटलं असंल कोणी पंचवीस-तीसचा, पोरींना गोड बोलून बोलावून घेणारा. ही पर्स बघा. ही कात्री. दवाखान्यातली हाय, ड्रेसिंगची, पट्ट्या कापायची. मी आरोग्य केंद्रात नर्स हाय ना. ही कात्री घेऊन मी पहाटेच्या एस्टीत बसले आणि लोह्यापर्यंत पर्समधून हात काढला न्हाई. आणि तुम्ही दार उघडलं तर काय — पांढरे केस, बनियन, कानाला दोरी लावलेला चष्मा. कोणी वाईट माणूस असता तर निदान पोरगी कुठं हाय ते तर कळलं असतं! आता कुठं शोधू?

पत्ता कसा मिळाला? तुम्हीच लिहिलं होतं की, नांदेडच्या आयटीआयला तीस वर्षं पोरांना फिटर-टर्नरचं शिकवलं म्हणून. आमच्या केंद्रात नरसिंग हाय, लॅबमध्ये, नायगावचा. त्याचा मोठा भाऊ नांदेडच्या आयटीआयचा. त्यानं एका फोनमध्ये सांगितलं, गेम खेळणारे म्हातारे सर म्हणजे व्यंकटराव सर, दुसरं कोणी असूच शकत न्हाई. 'म्हातारे' त्यानंबी सांगितलं होतं, पण काल माझ्या कानात काही शिरत नव्हतं. — पोलिसात? गेले की. त्यांनी लिहून घेतलं, फोटो घेतला. विचारलं, घरी काही बोलाचाली झाली का. मी म्हणले न्हाई.

न्हाई म्हणले मी.

मैत्रीण? होती एक, मनस्विनी, चाकूरची. एका खोलीत राहायच्या दोघी. ती पोरगी फेब्रुवारीत क्लास सोडून घरी गेली, म्हणाली मला डॉक्टर व्हायचंच न्हाई. मला वाटलं ही आता माझ्या लेकराच्याबी डोक्यात तेच भरवणार. मग मी — मी काय केलं, तिचा नंबर काढून टाकला लुंबिनीच्या फोनमधून. आणि त्या घरी फोन करून सांगितलं, तुमच्या पोरीला म्हणावं माझ्या पोरीशी बोलू नको. आता माझ्याकडंबी नंबर न्हाई. होस्टेलच्या बाईंनी दिला तो लागत न्हाई. चाकूरला एस्टी थांबली होती सकाळी, दहा मिनिटं. मी खाली उतरून नळाचं पाणी प्याले. वाटलं, विचारावं का कुणाला, पण आडनाव काय सांगू? आणि ते लोक दारात उभं करतील का मला? आणि इकडं अकराची वेळ चुकली तर? बसले परत.

किती वाजले? पंचवीस. हळू चालून राहिलं ते घड्याळ.

काय म्हणता? शुक्रवारी? शुक्रवारी तुम्ही दोघं गुहेत गेला होता? — सांगा, सांगा, काय झालं ते सगळं सांगा. ... लोखंडी चिलखत घालून आली. ... पुलावर पळता आलं न्हाई. ... पडली. मेली. हां, गेममध्ये, कळलं मला, गेममध्ये, पण तो शब्द नका बोलू सर आज. आणि तुम्ही विचारलं जाकीट कुठं, तर तिनं लिहिलं 'तुटलं', आणि निघून गेली. 'तुटलं' लिहिलं तिनं? माझं नाव न्हाई सांगितलं तुम्हाला?

ते मी तोडलं, सर.

चुकून. म्हणजे, मी गेम बघायला गेले, आईला बघायला पाहिजे ना पोरगी काय करून राहिली ते, दुसऱ्यांदा परीक्षेला बसायची पोरगी, मागच्या टेस्टला मार्क आणखी खाली आलेले. बघता बघता बोट लागलं कुठंतरी, आणि ते 'तुकडे करा' का काय असतं, ते झालं. — तुम्ही मान हलवून राहिलात. हाव, मालूम हाय. दोनदा विचारतो तो गेम. ही वस्तू परत मिळणार न्हाई, नक्की का, असं विचारतो. मी दोन्ही वेळा हो म्हणले.

ऐका आता. कुणाला सांगितलं न्हाई हे मी. मी दिवाळीपासून खेळून राहिले ते. तिचा पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर होता, मी माझ्या फोनात घेतला गेम. दुपारी दोन ते तीन, ती क्लासात असायची, आमच्याकडं ओपीडी संपलेली असायची. पहिल्या दिवशी चिडूनच उघडला — बघू तरी कुठं वेळ घालवते. आणि बघते तर काय, ते माणूस मारणं, गोळ्या घालणं, तसलं काहीच न्हाई. पोरगी बसून वस्तू करून राहिली. खाणीतून खडक फोडायचा, भट्टीत वितळवायचा, कोळसा किती, लोखंड किती, जास्त झालं तर ठिसूळ होतं — तुम्ही शिकवलेलं सगळं तिनं फिजिक्सच्या वहीच्या कडेला लिहिलंय. तलवारीची मूठ बदलून बघायची, वजन इकडून तिकडं करायचं, परत मोडायची, परत करायची. एक ढाल तर तिनं नऊ बार मोडली. मला पुस्तक घेऊन बसते म्हणून सांगणारी पोरगी, अभ्यासात अर्धा तास टिकत न्हाई असं क्लासवाले सांगून राहिलेले, आणि इथं एका बकलासाठी चार-चार रविवार.

मग मला सवय लागली. गेममधल्या त्या तुमच्या दोघांच्या पेटीत लोखंड वाढायचं ना? तुम्ही लिहिलं होतं तिला, लई कष्ट करून राहिलीस पोरी. ती म्हणाली, मी न्हाई सर, तुम्हीच ठेवलं असंल. तुम्ही म्हणालात मी न्हाई. ती मी होते. मला ते बनवणं-बिनवणं काही जमायचं न्हाई, पण खडक फोडता यायचे. डबा खायचा आणि खडक फोडायचे. वाटायचं, लेकराचा तेवढा वेळ वाचला. हसू नका. — न्हाई, हसा, तुमचं काय चुकलं.

पण ते जाकीट. ती बाहुली, तिची — केस तसेच आखूड ठेवलेत तिनं, लुंबिनीसारखे — ती त्या राक्षसांच्या गुहेत जायची ते पातळ निळं जाकीट घालून! सुताचं! मी वाचलं, निळ्या कोळ्याचं सूत लागतं, एका खेपेला एक लडी मिळते, तुम्ही दोघं आणि ती मनस्विनी, तिघांनी मिळून पाच महिने जमवलं. मनस्विनीनं बाह्या केल्या होत्या, हे मला मालूम होतं. तिनं क्लास सोडायच्या आदल्या आठवड्यात. मालूम असून तोडलं मी. मला त्या पोरीचा राग होता, हे एक. पण राग थोडा, सर, भ्या जास्त. मला ते बघवत नव्हतं. एवढे दात, एवढी नखं, आणि अंगावर काय, तर सूत. बुधवारी माझ्याच्यानं राहवलं न्हाई. मी ते तोडलं, त्यातून जे बकलं-कड्या निघाल्या त्या घेतल्या, पेटीतलं सगळं लोखंड काढलं आणि चिलखत केलं. मला जमलं ते! पहिल्यांदा काहीतरी जमलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लोखंड. लई बरं वाटलं सर मला. त्या रात्री गाढ झोप लागली, किती तरी दिवसांनी.

हाव, वाचलं होतं मी. तुम्हीच लिहिलं होतं तिला, जड घातलं की दम लवकर संपतो, पळता येत न्हाई. वाचलं होतं. आणि मला ते दुसऱ्या कुणी सांगायला पाहिजे का? वजनानं काय होतं ते मला शिकवायला पाहिजे का? आमच्या बापानं दगडाचं घर बांधलं होतं, औसा तालुक्यात गाव आमचं. त्याच्या आधी आम्ही पत्र्याच्या खोपटात होतो. बाप म्हणायचा, माझी लेकरं आता पाटलासारखी दगडात झोपतील. तीन खण घर, वर माळवद, माळवदावर दोन हात मातीचा थर, उन्हाळ्यात गार म्हणून. त्यानं आणि आईनं हातानं उचलून दगड लावले. एक वर्षसुद्धा राहिलो न्हाई आम्ही त्यात. मी अकरा वर्षांची. त्र्याण्णव साली, भूकंपाच्या. तुम्ही नांदेडात होता, तुमच्याकडं भांडी वाजली असतील फळीवरची. आमच्याकडं ते माळवद खाली आलं. शेजारचं जुनं पत्र्याचं खोपटं तसंच उभं. त्यातलं म्हातारं माणूस बाहेर येऊन बसलं होतं, त्याला खरचटलंबी नव्हतं.

किती झाले? पावणेअकरा. अजून उघडलं न्हाई का ते? फिरून राहिलंय नुसतं. जुनं हाय का कम्प्युटर? — फिरू द्या.

भाऊ होता मला. आनंदराज. सहा वर्षांचा. मी आणि तो एका कोपऱ्यात होतो, मध्ये पेटी पडली होती लोखंडी, तिच्या अलीकडं मी, पलीकडं तो. तो बोलत होता. ताई पाणी, ताई पाणी. मग थोड्या थोड्या वेळानं. मला दुपारी काढलं लष्कराच्या लोकांनी. वर उजेड इतका होता की डोळे उघडंनात. एकानं माझं तोंड पुसलं आणि विचारलं, बेटी, और कोई है अंदर? मला हिंदी कळत होतं सर. आमच्याकडं अर्धी भाषा तीच. कळलं मला. पण आवाज निघंना. मी तोंड उघडलं, माती होती तोंडात, आणि भ्या — असं वाटलं मी बोलले तर परत आत टाकतील. आता येडेपणा वाटतो. तेव्हा तसं वाटलं. मी त्याच्याकडं नुसती बघत राहिले. तो थांबला थोडा वेळ. मग ते लोक पुढच्या घराकडं गेले, तिथून कुणी तरी ओरडून राहिलं होतं. आनंदराजला संध्याकाळी काढला. मावशीनं घेतलं त्याला मांडीवर. मावशी म्हणाली, अंग अजून गरम हाय गं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला न्हाई. मग मी नर्स झाले.

हे मी नवऱ्याला सांगितलेलं न्हाई. लुंबिनीला न्हाई. तुम्हाला कशाला सांगून राहिले काय मालूम. तुम्ही काही बोलत न्हाई म्हणून असंल.

तर त्यापासून मी गप्प बसत न्हाई. दिवसातून अकरा बार फोन करते पोरीला. जेवलीस का, वर्गात पोचलीस का, पंखा नीट हाय का, त्या इमारतीला तडा गेलाय तो दाखव. नवरा म्हणतो, तू तिला श्वास घेऊ देत न्हाईस. मी म्हणते, डॉक्टर झाली की घेऊ दे पाहिजे तेवढा. आणि शुक्रवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. शांत होती. म्हणाली, मम्मी, माझ्या गेममध्ये तू होतीस का? मी म्हणले कसला गेम. ती म्हणाली, मम्मी, खरं सांग, मी रागावणार न्हाई. मला नुसतं माहिती पाहिजे. आणि मी — चोरी पकडली गेली ना माझी — मी उलटून बोलले. टेस्टचे मार्क काढले. वय काढलं. तिच्या बापाचा पगार काढला. आणि शेवटी म्हणले —

म्हणले, तुझे हे खेळ बघायला मी दगडांखालून निघाले होते का? तिथंच राहिले असते तर बरं झालं असतं.

अर्धा मिनिट फोन चालू होता. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ठेवला तिनं. शनिवारी सकाळी मी लावला तर उचलला न्हाई, वाटलं रुसली असंल. दुपारी होस्टेलच्या बाईंचा आला. सर, पोरींच्या बातम्या येतात ना लातुरात. तुम्ही वाचत असाल पेपरात. आमच्या केंद्रात मागच्या वर्षी — न्हाई. न्हाई सांगत. मी कालपासून तेच बघून राहिले डोळे मिटले की. विहिरी बघितल्या मी काल. रेल्वेच्या रुळाकडं जाऊन आले. एका पोराला विचारलं, निळी ओढणी घेतलेली पोरगी दिसली का, तो म्हणाला कितीक दिसतात.

आलं! उघडलं बघा. ही भट्टी हीच. इथंच मी लोखंड टाकायची. इथं कुणीच न्हाई. किती वाजले? अकराला चार कमी. तुम्ही उभे राहा तिथंच, हलू नका, तिला दिसायला पाहिजे. — हे कोण आलं? दुसरंच कुणी. गेलं. अकरा झाले. झाले की अकरा! तुमचं घड्याळ बराबर हाय ना? माझ्यात अकरा वाजून एक. ती कधी उशीर करते का? कधीच न्हाई? मग? मग सर? तीन मिनिटं झाली. अहो काही तरी करा ना, तुम्हाला एवढं येतं त्यातलं — हात लावू नको? बरं. बसते.

ती. ती बघा. पुलावरून. आखूड केस. तीच हाय! लोखंड कुठं गेलं तिच्या अंगावरचं? काहीच न्हाई, पहिल्या दिवशी देतात तो साधा सदरा. पण ही तीच कशावरून, दुसरं कुणी तिच्या नावानं — माझ्यासारखं कुणी — थांबा, लिहून राहिली. 'सर, आहात का?' सर, आहात का. तीच. असंच लिहिते ती, मलाबी आधी 'मम्मी आहेस का' लिहिते. जिवंत हाय. सर, जिवंत हाय ती. थांबा, मला पदर — चष्मा कुठं ठेवला मी. लिहा, लवकर लिहा, 'आहे'. आता विचारा, कुठं हायस. तुमचंच म्हणून विचारा, मी इथं हाय ते सांगू नका, पळून जाईल, तुम्हाला सांगंल ती, तुम्ही विचारा —

थांबा. पुसा ते. पुसा म्हणते ना! तेच करून राहिले मी परत. तिच्या नावानं शिरले, आता तुमच्या नावानं. न्हाई. लिहा, 'तुझी मम्मी माझ्या घरी आली आहे. शेजारी बसली आहे.' लिहा सर. मी सांगते ना. गेली तर गेली.

पाठवलं?

काही न्हाई. नुसती उभी हाय. गेली का ती? बाहुली हाय म्हणजे ती हाय ना? पण फोन बाजूला ठेवून उठून गेली असंल तरी बाहुली राहते, मालूम हाय मला, मी पण ओपीडीत पेशंट आलं की तशीच सोडून जायची. सर, आता हिनं बंद केलं तर माझ्याकडं दुसरा धागा न्हाई. कशाला खरं लिहायला सांगितलं मी तुम्हाला? तुम्ही तरी ऐकायचं न्हाई ना माझं —

आलं. वाचा तुम्ही, मला अक्षरं दिसंनात. ... 'मी चाकूरला आहे. मनस्विनीकडे, तिच्या फोनवरून लिहिते. तिची आई म्हणाली रात्री कळवू, मी नको म्हणाले. ठीक आहे मी.' चाकूरला. अहो मी उतरले होते तिथं. पाणी प्याले. ... आणखी आलं? 'मी यंदा परीक्षेला बसणार नाही. सरांना डिप्लोमाचं विचारलं आहे.' तुम्हाला विचारलं? कधी? महिन्यापूर्वी? फोनवर, म्हणून मला दिसलं न्हाई. म्हणजे तुम्हाला मालूम होतं आणि तासभर तुम्ही माझं ऐकत बसलात! — हां. मी बोलू दिलं न्हाई. बरोबर हाय. कसला डिप्लोमा? ते साचे करायचे, कारखान्यातले? त्याला पोरी घेतात? घेतात. बरं.

आणखी काय लिहिलं? ... 'मम्मी रडून राहिली का?'

सरका जरा. त्या खुर्चीवरून उठा, मला बसू द्या. मला येतं टाइप करायला, दोन बोटांनी येतं. न्हाई, तुम्ही सांगू नका काय लिहायचं ते. आणि वाचूबी नका. हाव, तुमचंच घर हाय, तुमचाच कम्प्युटर, मालूम हाय मला. जरा बाहेर ओट्यावर जाऊन बसा. ती थांबून राहिलीय सर, जा ना तुम्ही.